संत्र्याच्या चवीची पुडी

पासलकर काका आले ते भुवईला रुमाल दाबून.
पट्टी द्या, म्हणाले, चांगली चिकटणारी,
मागची आंघोळीत सुटली.
म्हणजे ही दुसरी वेळ.
खडकी बाजारात बावीस वर्षं दुकान आहे माझं,
पट्टी मागणाऱ्याला कारण विचारायची पद्धत नाही.
मी विचारलं.

मोरीत उठून उभा राहिलो आणि उजेड गेला.
वीज नव्हती गेली, ताई. माझाच गेला.
आणि हसले.

चौतीस वर्षं दारूगोळा कारखान्यात काढली त्यांनी.
सुट्टीनंतर कामावर गेलं की डोकी कशी ठणकायची
हे दर महिन्याला ऐकते मी,
छातीतल्या कळेची, जिभेखालची गोळी नेताना:
त्याच खानदानातली ही.
तिकडे डोंगर फोडायची, इकडे रस्ता मोकळा करते.

वही काढली. प्रेशरची गोळी तीच. डोस तोच.
आणखी काय घेता?
काही नाही.
काढा, अर्क, कुणी दिलेली पावडर?
नाही हो. औषध म्हणाल तर काहीच नाही.

ते 'औषध म्हणाल तर'
चपलेत शिरलेल्या खड्यासारखं बोचलं.
म्हटलं, आणि औषध नाही म्हणाल तर?

तेव्हा खिशातून निघाली
नीट घडी घातलेली, रिकामी, केशरी पुडी.

हर्षदाच्या आहेत. पोटातल्या बाळाचं वजन भरेना
म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या.
बाळंत झाली, सव्वा महिन्यानं भोरला गेली,
डब्यात अकरा राहिल्या. टाकायच्या?
एकेक केवढ्याला, तुम्हालाच ठाऊक.
रोज सकाळी एक घेतो पाण्यातून. चव झकास.
आणि न जन्मलेल्या लेकराला चालली
ती मला काय करणार?

आर्जिनीन.
डाळीत असतं, शेंगदाण्यात असतं,
काकांच्या मिशीतही असेल चिमूटभर.
विष नव्हे ते.
शरीरात त्यातून एक वायू सुटतो
आणि रक्ताच्या नळ्या सैल पडतात, एवढंच.
बाळाकडे जाणारं रक्त वाढावं, ही आशा.
पण काकांच्या नळ्यांवर
प्रेशरची गोळी आधीच कामाला होती,
जिभेखालची अधूनमधून यायची.
आता तिन्ही पाळ्या
एकाच भोंग्याला आत शिरल्या
आणि माणूस उभा राहिला तेव्हा
रक्त पायातच थांबलं.

हे सगळं सांगितलं नाही मी.
स्टुलावर बसवलं, प्रेशर मोजलं:
वरचा आकडा नव्वदलाही पोचेना.
पुड्या आजपासून बंद. गोळ्या मात्र मनानं सोडायच्या नाहीत.
रिझवान, रिक्षा बोलाव,
काकांना डॉक्टरांकडे ने, ही पुडी दाखव,
नुसतं नाव सांगू नकोस, पुडीच दाखव.

दुपारी शटर अर्धं ओढून बिलं चाळली.
हर्षदा कोंढाळकर, पुड्या तीस.
मारुती पासलकर, गोळ्या दोन प्रकारच्या.
दोन आडनावं, दोन कागद, सही माझीच.
तिला सांगितलं होतं मी कशात मिसळायची, केव्हा घ्यायची.
उरल्या तर काय करायचं,
ते नव्हतं सांगितलं.
माझ्या फळ्यांवर त्या पुड्या आणि त्या गोळ्या
कधीच शेजारी नव्हत्या.
त्यांच्या फडताळात होत्या,
साखरेच्या डब्यामागं.

संध्याकाळी काका परत. भुवईला दोन टाके.
डॉक्टर तुमच्यासारखंच बोलले, म्हणाले,
आणि काउंटरवर चार पुड्या मांडल्या.
परत घेता का?

'फोडलेला माल परत घेतला जाणार नाही'
असा बोर्ड आहे त्यांच्या डोक्यावर, माझ्याच अक्षरात.
घेतल्या. पैसे मोजून दिले.
त्यांनी पुन्हा मोजले.

कचऱ्याच्या बादलीशी हात थांबला.
कुणीतरी उचलेल, म्हणेल, वाया कशाला.
चारही फोडल्या आणि मागच्या मोरीत ओतल्या,
वर तांब्याभर पाणी.

रात्री हिशेब लावताना
दुकानभर संत्र्याचा वास होता.
रिझवान म्हणाला, छान वाटतंय.